प्रोग्रॅमचा पत्ता

सासूबाईंनी पहिली तक्रार केली ती दाराबद्दल. नवा चष्मा लावून त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दाराची चौकट कलली की काय गं? सुताराला बोलवा."

चौकट कललेली नव्हती. थोरल्या सुनेने ते एकदा बघून सांगितलं, धाकटीने दुसऱ्यांदा. तरी सासूबाईंचं चालूच राहिलं. खिडकी तिरकी आहे, टेबल उतरतं आहे, जिन्याची पायरी पुढे सरकली आहे. त्यांच्या बोलण्याकडे घरात हळूहळू कानाडोळा होऊ लागला. थोरली म्हणाली, "आई, नव्या चष्म्याची सवय व्हायला आठवडा जातो." हे वाक्य ती दिवसातून दहा गिऱ्हाइकांना म्हणायची, त्यामुळे ते तिच्या तोंडातून फार गुळगुळीत निघायचं.

घर वर होतं आणि कारखाना खाली. कारखाना म्हणजे चष्म्याच्या काचा फ्रेमच्या आकारात घासून देण्याची जागा. शहरातली बरीच दुकानं काचा इथे पाठवत, आणि पुढच्या काउंटरवर थेट गिऱ्हाइकंही येत. सासऱ्यांनी तो सुरू केला होता. ते गेल्यावर थोरलीने हातात घेतला, कारण तिच्या नवऱ्याचा पाय फ्रेमा विकण्याच्या निमित्ताने कायम गावाबाहेर. धाकटीचा नवरा तयार काचा दुकानांत पोचवायचा. आणि धाकटी, जी लग्नाआधी एका कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होती, तिने घासाईच्या मशीनला आज्ञा देणारा प्रोग्रॅम लिहिला होता. सी भाषेत, वरच्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या खोलीत बसून.

दोघी जावांचं बरं होतं. म्हणजे भांडण नव्हतं. थोरलीला धाकटीचं काम कळत नसे आणि ते तिने कधी लपवलं नाही. "तू काय ते टकटक कर, पण मशीन थांबलं नाही पाहिजे," एवढीच तिची अट होती. धाकटी तिला ताई म्हणायची. मशीन थांबत नसे, आणि धाकटीच्या मनात त्याचा थोडा अभिमान होता.

मशीन चालवायला मिस्त्री होते. वयाने दोघींपेक्षा मोठे, बोलायला कडक, हात मात्र हलका. घासाईच्या पाण्याने आणि पांढऱ्या लगद्याने त्यांचा अंगरखा नेहमी मळलेला असे. पावसाळा आणि उन्हाळा त्यांना सारखेच, कारण ते दिवसभर ओलेच असत.

दोन महिन्यांपूर्वी मशीनमधली काच धरणारी मूठ बदलली होती. जुनी झिजली होती. नवी बसवायला मशीनच्या कंपनीचा माणूस आला, त्याने मूठ बसवली, आणि जाता जाता संगणकात एक छोटा चालक-प्रोग्रॅम घालून गेला. सकाळी वीज सुरू झाली की तो आपोआप जागा होई आणि धाकटीच्या प्रोग्रॅमला सुरू करी. त्याआधी मिस्त्री रोज सकाळी धाकटीने लिहून दिलेली आज्ञा टाकून ते काम करत. आता बटण दाबायचंही काम उरलं नाही, म्हणून मिस्त्री खूश होते.

नवी मूठ जुन्या मुठीपेक्षा सात अंश वेगळी बसत होती. मूठ थोडी वळलेली असली तरी हरकत नसते. किती वळली आहे ते प्रोग्रॅमला माहीत असलं की तो तेवढं उलट वळवून घेतो. त्यासाठी धाकटीच्या प्रोग्रॅमशेजारी एक छोटी तक्त्याची फाइल होती. धाकटीने त्यात नवा आकडा घातला, स्वतः प्रोग्रॅम चालवून दोन काचा घासून पाहिल्या, मोजल्या, बरोबर आल्या, आणि ती वर निघून गेली.

ज्यांच्या नंबरात कोन नसतो, त्यांच्या काचा सात अंश फिरल्या तरी काही बिघडत नाही. ज्यांना सिलिंडरचा नंबर असतो, म्हणजे ज्यांची काच एका विशिष्ट कोनातच बसावी लागते, त्यांना मात्र जग तिरकं दिसतं. अशा गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊ लागल्या, पण एकेक करून, विखुरलेल्या. एक क्रेनवाला आला. म्हणाला, क्रेनचा हूक खाली सोडतो तेव्हा तो सरळ जातो की नाही तेच कळत नाही. थोरलीने त्याला आठवड्याचं वाक्य ऐकवलं. तो दाराशी थांबून म्हणाला, "बाई, आठवडाभरात मी कुणाच्या डोक्यात हूक घातला तर?" थोरली हसली. तोही हसला आणि गेला.

मग एका दुपारी सासूबाई जिन्यावरून पडल्या.

फार उंचावरून नाही, खालच्या दोन पायऱ्यांवरून. हात टेकला आणि मनगट मोडलं. दवाखान्यातून प्लास्टर घालून आणलं तेव्हा त्या शुद्धीत होत्या, रागावलेल्या होत्या, आणि जो येईल त्याला एकच सांगत होत्या, "पायरी तिथे नव्हती. मी पाय ठेवला तिथे पायरी नव्हती."

थोरली म्हणाली, "वय झालं आता, आई. कुणीतरी हात धरायला हवं होतं."

 धाकटीने सासूबाईंचा चष्मा उचलला. एक काच थोडी खरवडली होती. ती तो घेऊन खाली कारखान्यात गेली आणि नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. सासूबाईंच्या नंबरात सिलिंडर होता. कोन सात अंशांनी चुकला होता. दुसऱ्या डोळ्याचाही.

 ती शेजारच्या मांडणीवरचे तयार चष्मे एकेक करून यंत्राखाली धरू लागली. ज्यांच्यात सिलिंडर नव्हता ते ठीक. ज्यांच्यात होता ते सगळे सात अंशांनी चुकलेले. एकही अपवाद नाही.

"ताई," तिने वर हाक मारली. "जरा खाली येता?"

थोरली आली. धाकटीने तिला यंत्रातून बघायला लावलं. थोरलीला ते यंत्र धाकटीपेक्षा चांगलं येत होतं. तिने तीन चष्मे बघितले, चौथा हातात घेऊन खाली ठेवला.

"घासल्यानंतर परत मोजायचं आपण बंद केलं," ती म्हणाली. "मीच बंद केलं. काम वाढलं होतं. घासायच्या आधी मोजतो ना, म्हटलं तेवढं पुरे." मग आवाज बदलून तिने विचारलं, "पण चुकतंय कशामुळे?"

"तक्त्यात जुना आकडा असावा."

तक्ता उघडला तर आकडा नवाच होता. बरोबर होता. धाकटीने आपल्या हाताने प्रोग्रॅम चालवून एक काच घासली. बरोबर आली. मिस्त्रींनी नेहमीच्या पद्धतीने घासली. सात अंश.

"म्हणजे तुमच्या हातून सरळ, आणि माझ्या हातून वाकडं?" मिस्त्री म्हणाले. "हे बरं आहे."

"तसं नाही मिस्त्रीकाका."

"तसंच दिसतंय की."

थोरलीने दोघांकडे पाहिलं. तिच्या मनात मिस्त्रींबद्दल काही आलं असेल तर तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. तिने मशीन बंद करायला सांगितलं आणि तयार चष्म्यांवर एक फडकं टाकलं, जणू ते झाकले की प्रश्न जरा लांब जाईल.

धाकटी संगणकासमोर बसली. आकडा बरोबर, मशीन तेच, प्रोग्रॅम तोच. फरक एवढाच होता की तिने हाताने सुरू केला तेव्हा एक उत्तर आणि कंपनीच्या माणसाच्या चालकाने सुरू केला तेव्हा दुसरं. म्हणजे दोन्ही वेळा प्रोग्रॅम वेगवेगळा तक्ता वाचत होता. तिने प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: सुरू झालास की आधी तू स्वतःला कुठे समजतोस ते एका फाइलीत लिही. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, म्हणजे सकाळसारखा चालकच त्याला उठवील.

फाइलीत पत्ता नव्हताच. फक्त प्रोग्रॅमचं नाव होतं, एक शब्द.

तिला ते एकदम कळलं आणि तिचे कान गरम झाले.

सी भाषेतला प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याला शब्दांची एक रांग मिळते. त्यातला पहिला शब्द, सगळे त्याला आर्गव्ही शून्य म्हणतात, म्हणजे प्रोग्रॅमचं स्वतःचं नाव. असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि असंच बहुतेक वेळा असतं. धाकटीने त्यावर विसंबून लिहिलं होतं: पहिल्या शब्दातून शेवटच्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घे, तेच तुझं घर, तिथेच तक्ता शोध. तिच्या आज्ञेत पूर्ण पत्ता लिहिलेला असे, म्हणून ते वर्षानुवर्षं चाललं. पण तो पहिला शब्द प्रोग्रॅमला कोण देतं? जो त्याला सुरू करतो तो. तो हवं ते देऊ शकतो. कंपनीच्या माणसाच्या चालकाने फाइल नीट तीच उघडली होती, पण नावाच्या जागी नुसतं नाव दिलं होतं. तिरपी रेघ नाही, पत्ता नाही. पत्ता मिळाला नाही की जिथे उभा आहेस तीच जागा घर समज, असंही धाकटीनेच लिहिलं होतं. आणि प्रोग्रॅम उभा होता चालकाच्या फोल्डरात, जिथे कंपनीच्या माणसाने, मूठ बसवण्याआधी चाचणीसाठी म्हणून, जुन्या तक्त्याची एक प्रत ठेवून दिली होती.

तिने ते थोरलीला सांगितलं, तेवढ्या शब्दांत नाही.

थोरलीने ऐकून घेतलं. "म्हणजे त्याला स्वतःचा पत्ता माहीत नाही. ज्याने हाक मारली त्याने सांगितलं तेच खरं धरून चालला."

"हो."

"मग त्याला खरा पत्ता सांगणारं कुणी नाहीच का?"

"आहे. संगणकाला माहीत असतं, कारण फाइल त्यानेच उघडलेली असते. मी त्याला विचारायला हवं होतं."

"मग का नाही विचारलंस?"

"चालत होतं म्हणून."

 परत मोजणं थोरलीनेही चालत होतं म्हणूनच बंद केलं होतं, आणि दोघींनाही ते एकाच वेळी आठवलं असणार.

धाकटी वर जाऊन दुरुस्तीला लागली. त्या संगणकात प्रोक नावाचं एक फोल्डर असतं, आणि त्यात चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची एक खोली. सेल्फ या नावाने प्रोग्रॅम स्वतःच्या खोलीत शिरू शकतो, आणि तिथे एक दुवा असतो जो खऱ्या फाइलीकडे बोट दाखवतो. दुवा कुठे बोट दाखवतो हे वाचायला रीडलिंक नावाची आज्ञा आहे. तिने ती लिहिली. चालवून पाहिलं तर पत्ता बरोबर आला, पण त्याच्या शेपटीला भलतीच अक्षरं चिकटलेली. तक्ता सापडला नाही आणि प्रोग्रॅम थांबला.

तिने माहितीचं पान उघडलं. रीडलिंक अक्षरं देते, पण शेवटी पूर्णविरामाचं शून्य ठेवत नाही. ते आपण ठेवायचं असतं. पानावर तसं स्वच्छ लिहिलं होतं. तिने ते कधीच पूर्ण वाचलं नव्हतं. तिने शून्य ठेवलं, जागा अपुरी पडली तर थांबायची अट घातली, आणि जुना आडमार्ग, जिथे उभा आहेस तेच घर, काढून टाकला. पत्ता सापडला नाही तर प्रोग्रॅमने काम न करता तसं सांगायचं. मग तिने नवी फाइल जुन्या जागी ठेवली.

"झालं," ती खाली येऊन म्हणाली. "बंद करून सुरू करा."

मिस्त्रींनी पडद्यावरची खिडकी बंद केली, पुन्हा उघडली. थोरलीने एक काच दिली. मशीन घरघरलं, पाणी उडालं, काच बाहेर आली. थोरलीने ती यंत्राखाली धरली आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

"सात," ती म्हणाली.

मिस्त्रींनी अंगरख्याला हात पुसले. 

"अगं, झालं म्हणालीस ना?" थोरलीचा आवाज चढला. "वर आई हात गळ्यात अडकवून बसल्यात. बाहेर किती लोक आपला चष्मा घालून फिरतायत, देव जाणे. आणि तू म्हणतेस झालं?"

 धाकटीने स्वतः नव्या फाइलीचं नाव पाहिलं, तारीख पाहिली. फाइल नवी होती. मग प्रोग्रॅम सुरू झाल्यावर ज्या फाइलीत लिहितो ती उघडली. त्यात मघाशी संगणक सुरू केल्यावरच्या ओळीनंतर नवी ओळच नव्हती.

"मिस्त्रीकाका, तुम्ही काय बंद केलंत?"

"ही खिडकी. नेहमी करतो तशी."

खिडकी वेगळी होती आणि मागे चालणारा प्रोग्रॅम वेगळा. खिडकी बंद झाली तरी तो मागे शांतपणे चालूच होता. धाकटीने बाहेरून, प्रोकमधून, त्याच्या खोलीत डोकावून पाहिलं. दुवा जिकडे बोट दाखवत होता तो पत्ता बरोबर होता, आणि त्याच्या शेवटी कंसात एकच शब्द होता: डिलिटेड. ज्या फाइलीतून तो निघाला ती आता नव्हतीच. तिने तिच्या जागी दुसरी ठेवली होती. तरी तो चालत होता, जुन्याच समजुतीने, जुन्याच तक्त्यावरून.

"ही फाइल मी मघाशी पुसली," ती थोरलीला म्हणाली. "आणि हा तिच्यातूनच चालू आहे."

"पुसलेल्यातून चालतो?"

"सुरू झाला की चालतो. थांबवेपर्यंत."

तिने तो थांबवला. चालकाने नवा उठवला. फाइलीत नवी ओळ आली, पूर्ण पत्त्यासह. मिस्त्रींनी काच घासली. थोरलीने मोजली, मग मिस्त्रींना मोजायला दिली, मग धाकटीला. तिघांनीही तोच कोन सांगितला, आणि तो बरोबर होता. कुणी आनंद केला नाही. मिस्त्री म्हणाले, "आता माझ्या हातूनही सरळ येतंय म्हणायचं," आणि पुढची काच लावली.

उरलं ते बाहेर गेलेल्या चष्म्यांचं. मूठ बदलल्यापासूनचे सगळे सिलिंडरवाले. कुणाकुणाचे ते संगणक सांगत होता.

जेवताना धाकटीच्या नवऱ्याने मार्ग सुचवला. "सगळ्यांना फोन करू. म्हणू, फुकट तपासणीची योजना आहे, चष्मा घेऊन या. आला की बदलून द्यायचा. कुणाला काही कळायचं नाही."

धाकटीला ते पटलं. तिने मान वर केली नाही, पण तिला पटलं होतं.

"नाही," थोरली म्हणाली.

"वहिनी, नाव जाईल."

"योजना म्हटलं तर लोक सवडीने येतील. कुणी महिन्याने येईल, कुणी येणारच नाही. आणि तोवर जिने उतरतील." तिने सासूबाईंच्या ताटात भात वाढला आणि चमचा त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. "चुकीचा आहे, घालू नका, आजच काढून ठेवा, असंच सांगायचं. मी सांगते."

सासूबाई म्हणाल्या, "मी महिनाभर सांगत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही."

"नाही ऐकलं, आई," थोरली म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती काउंटरमागे बसून फोन करत राहिली. धाकटी शेजारी बसून नावं आणि दुकानांकडून मागवलेले फोन नंबर सांगत होती. थोरलीचं वाक्य प्रत्येक वेळी सारखंच: चूक आमची आहे, काच तिरकी बसली आहे, चष्मा आत्ता काढून ठेवा. काही जण ओरडले. एका बाईंनी सांगितलं की त्यांनी नवऱ्याला बोलून बोलून जेरीस आणलं होतं की घराची फरशी नीट घातली नाही. आता त्याची माफी मागावी लागणार. क्रेनवाल्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाई, आठवडा झाला का?" थोरली त्याला हसली नाही. म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हाच मोजायला हवं होतं. मी मोजलं नाही." तो म्हणाला की सुट्टी घेऊन दुपारीच येतो, आणि तोवर क्रेनवर चढत नाही.

दुपारपासून लोक येऊ लागले. मिस्त्री घासत होते, थोरली प्रत्येक काच घासून झाल्यावर पुन्हा मोजत होती. गर्दी झाली तेव्हा तिने दुसरं यंत्र धाकटीकडे सरकवलं. धाकटीचा हात सावकाश चालायचा. एकेक काच तीनदा बघायची. लोक खोळंबले. थोरलीने तिला घाई करायला सांगितलं नाही.

काही दिवसांत बहुतेक सगळे चष्मे परत आले. कंपनीचा माणूस येऊन आपला चालक काढून घेऊन गेला आणि जाताना म्हणाला की नाव देण्याची ती पद्धत चुकीची नव्हती. तसं नाव देता येतं. धाकटीने त्याला हो म्हटलं. ते खरंच होतं.

एक चष्मा मात्र राहिला. एका नर्सचा. ती काम बदलून दुसऱ्या शहरात गेली होती आणि तिचा नंबर बंद लागत होता. ज्या दुकानातून काचा आल्या होत्या त्यांनाही पुढचं ठाऊक नव्हतं. जुन्या दवाखान्यात विचारलं तर त्यांनी सांगितलं, पत्ता देता येत नाही, निरोप पोचवू. निरोप पोचला की नाही हे कुणी कळवलं नाही.

"बंद आहे," थोरली फोन ठेवत म्हणायची. दिवसातून एकदा, साधारण दुपारच्या चहाच्या आधी. धाकटी वर मान करून ऐकायची आणि पुन्हा हातातली काच यंत्राखाली धरायची.